महागाई म्हणे ०.२५ टक्के! मग माझ्या घरी कुठल्या देशाची महागाई चालू आहे?

वैशाली_डोंबिवली
काल १२ नोव्हेंबर २०२५ ला संध्याकाळी टीव्हीवर पट्टी फिरत होती की ऑक्टोबरची किरकोळ महागाई ०.२५ टक्क्यावर, ही सिरीज सुरू झाल्यापासूनचा नीचांक, आणि खाली एक साहेब हसत हसत सांगत होते की सामान्य माणसाला मोठा दिलासा. मी सामान्य माणूसच आहे, मला काही दिलासा मिळाला नाही म्हणून विचारतेय. मी दिवाळीच्या किराण्याची यादी दरवर्षी एकाच वहीत लिहिते. गेल्या वर्षी सूर्यफुलाची पिशवी १३५ ला लिहिलीये, यंदा १६२. सुकं खोबरं पाव किलो घेताना दुकानदाराला दोनदा विचारलं की हा पाव किलोचाच भाव ना, अर्ध्याचा नाही ना सांगत. तूरडाळ उतरली हे कबूल, १७० ची १२० झाली. पण घरभाडं वाढलं, मुलाची फी वाढली, क्लास वाढला. आणि वर बँकेत एफडी रिन्यू करायला गेले तर तिथली मुलगी म्हणते मॅडम आता रेट कमीच मिळणार, महागाई उतरलीये ना. म्हणजे व्याज कमी द्यायच्या वेळी महागाई उतरली आणि मी बाजारात गेले की चढली, असं कसं? कोणीतरी साध्या भाषेत सांगा हा आकडा नक्की कसला असतो. राजकारण नको प्लीज.

आकडेमोड
ताई राजकारण न करता सांगायचा प्रयत्न करतो, अर्थशास्त्र शिकवायचो आधी त्यामुळे थोडं लांबेल.

पहिलं म्हणजे ०.२५ टक्के याचा अर्थ वस्तू स्वस्त झाल्या असा होत नाही, मागच्या वर्षी ऑक्टोबरात जे सामान १०० ला येत होतं ते या ऑक्टोबरात १०० रुपये २५ पैशाला आलं एवढाच होतो. कसारा घाटात एसटी दम खात चढायला लागली म्हणून ती उतरत नसते, तसं. निर्देशांक बघा ना, २०१२ हे वर्ष १०० धरलं तर गेल्या ऑक्टोबरात तो १९६.८ होता आणि आत्ता १९७.३ आहे. म्हणजे २०१२ पासूनची जी वाढ आहे ती सगळी तिथेच आहे, कोणी परत घेतलेली नाही. सप्टेंबरपेक्षाही ऑक्टोबर किंचित वरच आहे. पण बातमीत महिन्याचा बदल कोणी सांगत नाही, वर्षाचा सांगतात, कारण महिन्यामहिन्याला भाजीचा सीझन, सण, पाऊस यांनी आकडा नाचतो, म्हणून त्याच महिन्याची गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना.

आणि खरी गोम या तुलनेतच आहे. गेल्या वर्षीचा ऑक्टोबर आठवा. तेव्हा महागाई होती ६.२१ टक्के आणि एकट्या भाज्या ४२.१८ टक्क्यांनी महागलेल्या. कांदा साठ-सत्तरला, टोमॅटो तसाच, लसूण तर सोन्यासारखी तोलून घेत होतो. आता यंदा भाज्या २७.५७ टक्क्यांनी उतरल्या अशी बातमी आहे. वाचायला भारी वाटतं, पण हिशोब करा: २०२३ च्या ऑक्टोबरात भाजी १०० ची होती ती गेल्या वर्षी १४२ ची झाली आणि त्यातून साडेसत्तावीस टक्के गेले तर १०३ उरतात. म्हणजे दोन वर्षांपूर्वी होतो तिथे, तीन रुपये वरच. भाजी 'उतरली' म्हणजे गेल्या वर्षीचा वेडेपणा उतरला. याला बेस इफेक्ट म्हणतात. एकूण आकड्याचंही तसंच, दोन वर्षं मिळून साडेसहा टक्क्याच्या आसपास वाढ होते, वर्षाला सव्वातीन. हे काही स्वर्ग नाही आणि नरकही नाही, साधारण दरवर्षी होतं तेवढंच आहे. पण 'सव्वातीन टक्के' ही हेडलाइन कोण वाचणार.

राहिला प्रश्न तेलाचा आणि भाड्याचा, तो टोपलीतल्या वजनांचा आहे. टोपली म्हणजे हा आकडा काढायला धरलेल्या वस्तूंची यादी, आणि वजन म्हणजे १०० रुपये खर्चात कशाला किती रुपये धरलेत ते. तुमचा महिन्याचा खर्च साधारण आकड्यात टाकलात, गेल्या वर्षीचा आणि यंदाचा, तर तुमचीच महागाई काढून देतो.

निफाडचा_कांदेवाला
भाजी स्वस्त झाली, दिलासा मिळाला, वा. आकडेमोड साहेब तुम्ही म्हणता तो गेल्या वर्षीचा वेडेपणा, तर तो वेडेपणा आमच्याकडं किती आला ते पण लिहा की. गेल्या वर्षी या दिवसात लासलगावला चार हजाराच्या वर क्विंटल जात होता पण तेव्हा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडात, माल होता कोणाकडं, बहुतेकांनी उन्हाळ कांदा जून-जुलैतच काढून टाकलेला. त्याच्या आधीच्या डिसेंबरात ऐन लाल कांदा निघायच्या टायमाला निर्यातबंदी केली, ती मे २०२४ ला उठवली तर वर ४० टक्के शुल्क, मग २० टक्के, ते पार गेलं १ एप्रिल २०२५ ला. तोवर बाहेरची गिऱ्हाईकं दुसऱ्याकडून घ्यायला लागली होती. यंदा भाव येईल म्हणून सगळ्यांनी कांदा चाळीत ठेवला तर आता हजाराच्या आसपास जातोय, त्यात चाळीत सडलेला वेगळा, वजनातली घट वेगळी, निवडायच्या बायांची मजुरी वेगळी, गोणी, हमाली, तोलाई. आणि सप्टेंबरच्या पावसानं लाल कांद्याची रोपं बसली ती वेगळीच.

ताई तुमच्यावर राग नाही. पण टीव्हीवाला जेव्हा म्हणतो ना खाण्यापिण्याची महागाई उणे ५ टक्के, तेव्हा ते उणे कोणाच्या तरी खिशातून झालेलं असतं. तुमची तूरडाळ १७० ची १२० झाली, तिकडं लातूरच्या माणसाची तूर हमीभावाच्या खाली गेली तेव्हा झाली ती. हमीभाव ७५५० होता. बाकी मला खत, डिझेल, मजुरी काहीच उणे झालेलं दिसलं नाही.

अण्णा_पेन्शनर
निफाडकर अगदी बरोबर. ग्रामीण भागाचा आकडा तर शून्याच्याही खाली आहे यावेळी, उणे ०.२५, आणि शहरी अधिक ०.८८. म्हणजे खेड्यात खरंच स्वस्ताई आली असं समजायचं का? माझा एक वेगळा प्रश्न आहे. मी ईपीएस ९५ चा, म्हणजे पीएफवाल्यांच्या पेन्शन योजनेचा पेन्शनर. माझी पेन्शन पहिल्या दिवशी जेवढी बसली तेवढीच आहे, तिला महागाई भत्ता नाही. माझा मेहुणा रेल्वेतून रिटायर, त्याला जुलैपासून ५८ टक्के महागाई भत्ता. तर हा ०.२५ चा आकडा धरून आता त्याचा भत्ता पण थांबणार का? (थांबला तर मला आनंद होईल असं नाही, पण थोडासा होईल.)

आकडेमोड
अण्णा 😄 नाही थांबणार. तो वेगळा निर्देशांक. टीव्हीवर जो येतो तो सांख्यिकी मंत्रालयाचा सर्वसाधारण ग्राहकांचा, आणि भत्ता ठरतो तो लेबर ब्युरोच्या औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकावरून, त्याचं पायाभूत वर्ष २०१६. परत तो एका महिन्यावर नाही, बारा महिन्यांच्या सरासरीवर, त्यामुळे एखादा महिना कांदा पडला काय आणि चढला काय, जानेवारी आणि जुलैला थोडाफार वाढतोच. कमी झालाच तर वाढीचा वेग कमी होईल, मेहुण्याचं ५८ चं ५७ होणार नाही. तुमच्या ईपीएसचं मात्र दुखणं खरं आहे, ज्याचं उत्पन्न निर्देशांकाला बांधलेलंच नाही त्याच्यासाठी २ टक्के महागाई पण वजाबाकीच असते. किमान पेन्शन २०१४ ला हजार रुपये ठरवली ती अजून हजारच आहे, त्यानंतर निर्देशांक किती पुढे गेलाय बघा.

ग्रामीणचं म्हणाल तर तिथे अन्नाचं वजन जास्त आहे. गावच्या टोपलीत खाण्यापिण्याला १०० पैकी ५४, शहराच्या टोपलीत ३६. शिवाय गावाच्या टोपलीत घरभाडं धरलेलंच नाही. भाजी-डाळ पडली की गावचा आकडा धाडकन पडणार. आणि विरोधाभास असा की त्याच गावात ती भाजी-डाळ पिकवणारा राहतो.

सत्य_कडू_असतं
सगळे आकडे एसीत बसून बनवतात. एवढी मोठी चर्चा कशाला करताय.

आकडेमोड
आकड्यावर टीका करा हो, करायलाच पाहिजे, पण एसीत बसून बनवत नाहीत. शहरांतले ११०० च्या वर बाजार आणि तेवढीच गावं ठरलेली आहेत, तिथे सर्व्हेवाले दर महिन्याला जाऊन त्याच दुकानातून त्याच क्वालिटीच्या वस्तूचा भाव लिहून आणतात, मग कच्चा आकडा येतो आणि पुढच्या महिन्यात तो सुधारतो पण. सप्टेंबरचा आधी १.५४ आला होता, आता १.४४ केलाय. खरी टीका दुसरीकडे आहे: टोपली जुनी झाली. आपण २०११-१२ साली काय खात-पीत-वापरत होतो त्यावरून २९९ वस्तू ठरल्या, त्यात व्हीसीआर-डीव्हीडी प्लेअर अजून आहे, घोडागाडीचं भाडं आहे. तेव्हाचा माणूस १०० तले जवळजवळ ४६ रुपये खाण्यापिण्यावर घालवायचा, आता तेवढे जात नाहीत, मोबाइल, पेट्रोल, दवाखाना, क्लास यांनी जागा खाल्ली. म्हणून भाज्या हलल्या की अख्खा आकडा हलतो. यावेळी नुसत्या भाज्यांनीच एकूण आकडा दीड टक्क्याहून जास्त खाली ओढलाय. २०२४ हे नवीन पायाभूत वर्ष धरून नवी टोपली फेब्रुवारी २०२६ मध्ये येणार आहे असं मंत्रालयाने सांगितलंय, मग जरा माणसात येईल.

वैशाली_डोंबिवली
इतके रिप्लाय बघून बरं वाटलं. निफाडचे दादा, तुमचं वाचून कांद्याबद्दल काही बोलायची सोय राहिली नाही, पण खरं सांगते आमच्याकडे हजाराने क्विंटल गेलेला कांदा पंचवीसच्या खाली मिळत नाहीये, मधले पंधरा कुठे जातात ते तुम्हालाही माहीत आणि मलाही.

साहेब हे घ्या आमचे आकडे, वहीवरून टाकतेय, महिन्याचे. घरभाडं १५,००० होतं ते १६,०००. खाणंपिणं सगळं धरून, दूध भाजी किराणा, गेल्या वर्षी १५,६०० यंदा १५,००० (हे मला बेरीज केल्यावर कळलं, नवऱ्याला दाखवलं नाहीये अजून). शाळेची फी आणि क्लास महिन्याला पाडून ७,२०० चे ८,०००. सासूबाईंची औषधं डॉक्टर ३,२०० चे ३,५००. बाकी लाइट गॅस पास मोबाइल कपडे वगैरे ९,४०० चे ९,५००.

आकडेमोड
वा, अशी वही असलेलं घर विरळा. गेल्या वर्षी एकूण ५०,४०० आणि यंदा ५२,०००, म्हणजे तुमच्या घराची महागाई ३.२ टक्के. सरकारी आकडा ०.२५. दोन्ही खरे.

कारण बघा. तुमच्या घरात खाण्यावर १०० पैकी २९ रुपये जातात, सरकारी टोपलीत ४६. म्हणजे स्वस्त झालेली गोष्ट तुमच्याकडे हलकी. उलट शिक्षणाला सरकारी टोपलीत साडेचार रुपये आहेत आणि तुमच्याकडे पंधरा. देशभराचा शिक्षणाचा आकडा साडेतीन टक्के वाढ दाखवतो, तुमची वाढ अकरा टक्के. भाड्याचंही तेच, देशभरात घरांची महागाई तीनच्या आत, तुमची पावणेसात, कारण तिथे सगळ्या भाडेकरूंची सरासरी असते, सरकारी क्वार्टरवालेसुद्धा त्यात येतात आणि एका घराचं भाडं सहा महिन्यांतून एकदाच विचारलं जातं. शाळेत मूल नसलेल्या, स्वतःच्या घरात राहणाऱ्या माणसाला यंदा खरोखर स्वस्ताई जाणवली असेल आणि तो तुम्हाला म्हणेल उगाच रडू नका.

तेलाचं कोडं पण सोडवून टाकतो. सप्टेंबर २०२४ ला सरकारने खाद्यतेलावरचं आयात शुल्क एकदम वीस टक्क्यांनी वाढवलं, आपल्या सोयाबीनवाल्याला भाव मिळावा म्हणून. तेल आपण बाहेरूनच निम्म्याहून जास्त आणतो, ते महागलं. मे अखेरीस कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क निम्म्यावर आणलं तरी तेल-तुपाची महागाई ऑक्टोबरात ११ टक्के आहेच. आणि सोयाबीनवाल्याला भाव मिळाला का तर नाही, हमीभाव ५३२८ आणि बाजार चार हजाराच्या आसपास. गृहिणीकडून गेलं ते गेलं आणि शेतकऱ्याकडे पोचलं नाही ते नाही. जीएसटी २२ सप्टेंबरला कमी झाला त्याने साबण, टूथपेस्ट, बिस्किट, तूप उतरलं असेल पण तेलावर आधीच पाच टक्के होता, तिथे काही बदल नाही, शाळेच्या फीवर मुळात जीएसटीच नाही आणि क्लासवरचा अठरा टक्के जागच्या जागी. तुमच्या वहीतल्या नेमक्या दुखणाऱ्या ओळींना कोणी हात लावलेला नाही.

विट्याचा_गलाई
मी मूळचा विट्याचा, सोन्याच्या गलाईचं म्हणजे सोनं वितळवायचं काम, त्रिशूरला दुकान हाय आमचं, इकडं आपल्या खानापूर आटपाडीची लई मंडळी हायेत या धंद्यात. तुम्ही ०.२५ वर भांडताय, आमच्या केरळचा आकडा बघितला का कोणी? ८.५६ टक्के. देशात पैला नंबर, आणि असा बरेच महिने चाललाय. कारण इचारा. एक खोबरेल तेल. इकडं भाजी, मासं, केसं, सगळ्याला तेच लागतं आणि ते लिटरला चारशेच्या वर गेलं. वैशालीताईंनी खोबऱ्याचं लिहिलंय ते त्यातलंच, नारळच कमी निघाला. लोक आता पामतेल मिसळत्यात, बोलत नाहीत एवढंच.

दुसरं कारण आमचाच धंदा, सोनं. सोन्याची महागाई वर्षात ५७ टक्क्याच्या वर दाखवलीया. इकडं लग्नात सोनं किती घालतात ते सांगायची गरज नाय, त्यामुळं ते इकडं जास्त बोचतं. आता लोक म्हणतील सोनं महागलं तर तुझं चांगलं. चांगलं कुठलं, गिऱ्हाईक नवं घेईना, जुनं मोडून नवं करायला आणतंय, तेवढं वितळवायचं काम वाढलं, पण भट्टीत माल ठेवायला भांडवल दीडपट लागतंय.

आकडेमोड
गलाईशेठ भारी मुद्दा. सोन्याचं वजन देशाच्या टोपलीत जेमतेम एक टक्का आहे, पण किंमत एवढी उडाली की त्या एका टक्क्याने एकूण आकडा अर्धा टक्का तरी वर धरलाय. अन्न आणि इंधन काढून जो आकडा उरतो, ज्याला कोअर म्हणतात, तो चारच्या वर दिसतोय, त्यातून सोनं-चांदी काढलं तर तीनच्या खाली येतो. म्हणजे भाजीने खाली ओढलं, सोन्याने वर ओढलं. मधे उरलेल्या बहुतेक गोष्टी शांतपणे दोन-तीन टक्क्यांनी चढतायत, आणि रिझर्व्ह बँक खरं म्हणजे तिकडे बघत असते.

ताई, तुमच्या एफडीचं उत्तर यात आहे. रिझर्व्ह बँकेला चार टक्के महागाई ठेवायचं काम दिलंय, खाली दोन वर सहा अशी मोकळीक. आकडा खाली गेला म्हणून फेब्रुवारी ते जून तीन वेळा मिळून रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो दर, एक टक्क्याने कमी केला, साडेसहाचा साडेपाच. तो कमी झाला की कर्जाचे हप्ते उतरतात आणि ठेवींचे व्याजही. व्याजदर ठरतो देशाच्या सरासरीवर, तुमच्या वहीवर नाही. ज्याच्या डोक्यावर होम लोन आहे तो खूष, जो एफडीवर आहे तो नाराज.

अण्णा_पेन्शनर
आणि एफडीवर कोण आहे? आम्ही म्हातारे. म्हणजे पेन्शन वाढत नाही आणि व्याज घटतं. वैशालीताई, तुम्ही तरी पोस्टात बघा, ज्येष्ठांच्या योजनेत अजून ८.२ टक्के आहे, सासूबाईंच्या नावाने टाका.

वैशाली_डोंबिवली
हे उपयोगाचं सांगितलंत काका, उद्याच विचारते पोस्टात. साहेब शेवटचं एक. म्हणजे पुढच्या महिन्यात आकडा वाढला तर समजायचं काय?

आकडेमोड
नोव्हेंबरचा आकडा १२ डिसेंबरला येईल. तेव्हा गेल्या नोव्हेंबरशी तुलना होणार आणि तो ५.४८ होता, ऑक्टोबरच्या ६.२१ पेक्षा कमी. म्हणजे पाया जरा खाली सरकला. त्यामुळे भाव अगदी आहेत तिथेच राहिले तरी ०.२५ चा आकडा थोडा वर दिसायची शक्यता जास्त, आणि मग तेच साहेब टीव्हीवर गंभीर चेहऱ्याने महागाईने डोकं वर काढलं म्हणतील. तुम्ही तेव्हा तीन गोष्टी बघा: निर्देशांक १९७.३ च्या पुढे किती गेला, भाज्या वगळून काय झालं, आणि तुमच्या वहीत काय लिहिलंय.

निफाडचा_कांदेवाला
आणि लासलगावचा त्या दिवशीचा भाव पण बघा. लिलावाचा, टीव्हीवरचा नाही.